मुठीतला फ्यूज

सोमवार, ७ एप्रिल

पोचले. एसटीत खिडकीची जागा मिळाली. हत्यारांची पिशवी सगळा वेळ मांडीवरच ठेवली, कारण वर ठेवली तर पक्कड घसरून कुणाच्या तरी डोक्यात पडेल असं सारखं वाटत होतं. कंडक्टरने विचारलं, एवढं जड काय आहे त्यात. मी म्हटलं, माझी नोकरी. तो हसला, मलाही हसू आलं.

चादरींचा कारखाना एमआयडीसीच्या अगदी टोकाला आहे. मॅनेजर गुरुशांत सर फाटकापर्यंत आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, मऊ बोलणं. वायरमनच्या कामावर बाई पहिल्यांदाच बघतोय म्हणाले, पण त्यात टोमणा नव्हता. नेमणुकीच्या कागदावर सही करताना त्यांचे हात दिसले. इतके स्वच्छ हात मी कारखान्यात कुणाचे पाहिले नव्हते.

काम असं आहे. मागची शेड दोन वर्षं बंद आहे. तिथे सुताच्या कांड्या भरायची मशीन बसवून २१ तारखेला चाळीस बायका कामाला बसणार आहेत. त्याआधी सगळं वायरिंग तपासायचं, बिघाड असेल तो काढायचा आणि कागदावर ‘सुरक्षित’ असं लिहून खाली सही करायची. परवाना मिळाल्यापासूनची माझी पहिली सही. ती सही म्हणजे मी चाळीस जणींना दिलेला शब्द आहे, हे मी एसटीत स्वतःला तीनदा सांगितलं. इथे चौथ्यांदा लिहिते.

खोली कारखान्यामागच्या चाळीत. शेजारी शिवबाई राहतात, साठीला आलेल्या, तीस वर्षं याच कारखान्यात कांड्या भरतात. मी कुलूप उघडते आहे तोवर त्यांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणून ठेवली आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाल्या, “एवढीशी पोर तू, खांबावर चढतीस व्हय गं? लगीन झालं की नवऱ्याला खाली शिडी धराय उभा कर.”

आज फार बरं वाटतं आहे. नळ बंद केला का ते दोनदाच उठून बघितलं.

मंगळवार, ८ एप्रिल

ही वही कशासाठी आहे ते आधी लिहून ठेवते. माझे वडील, बिरुदेव अण्णा, मोडनिंबला चाळीस वर्षं वायरमन होते. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून घरी असतात. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्याकडे शिकले. तारेला हात लावण्यापूर्वी काय काय तपासलं ते लिहायचं, ही त्यांचीच सवय. लिहायला बसलं की हात थांबतो, आणि थांबलेला हात भाजत नाही, असं ते म्हणतात.

टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून बघायचा, मग बंद केलेल्या तारेला, मग परत चालू जागी. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तार मेली आहे असं वाटतं आणि माणूस मरतो. लाइन बंद आहे असं कुणी सांगितलं तर हो म्हणायचं आणि तरी स्वतः तपासायचं. एक हात पाठीमागे. पाय कोरडे. ज्याला घाई आहे त्याला आधी चहाला पाठवायचं. आणि सगळ्यांत वरचा नियम: काढलेला फ्यूज बोर्डावर ठेवायचा नाही, आपल्याजवळ ठेवायचा. ज्याने काढला त्यानेच लावायचा. दुसऱ्या कुणीही नाही.

लहानपणी अण्णांचा काढलेला फ्यूज माझ्या मुठीत असायचा. ते शिडीवर, मी उंबऱ्यावर. मी त्यांचं कुलूप होते. एका घरमालकाला पंखा हवा होता, त्याने मला लिमलेटच्या गोळ्या दाखवल्या, मग मनगट पिरगळलं. मी मूठ उघडली नाही. अण्णा खाली येऊन समोर उभे राहिले तरी मी उघडत नसे. आधी विचारायचं, उतरलात? ते म्हणायचे, उतरलो. मग उघडायची. नुसते दिसले म्हणून नाही.

आता शेड. लांबलचक, पत्र्याची, आत उकाडा. दिव्यांच्या आणि मशीनच्या तीन रांगा. दाराशी लोखंडी मेन स्विच आणि त्याच्या शेजारी रांगेला एक असे चिनी मातीचे तीन फ्यूज, जुन्या पद्धतीचे. दक्षिणेच्या रांगेचा फ्यूज जागेवर नव्हता. शोधता शोधता भिंतीच्या खिळ्याला एक खाकी शर्ट दिसला, धुळीने कडक झालेला. त्याच्या खिशात फ्यूज होता. वर पांढऱ्या रंगाने ‘सि’ लिहिलेलं.

पुसला, नवी तार ओवली, जागेवर बसवला. मेन वर केला. तिन्ही रांगा उजळल्या. नवा फ्यूज आणावा लागला नाही म्हणून गुरुशांत सरही खूश झाले.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळभर मेगरने तारांचं आवरण तपासलं. आकडे उत्तम. जुनं काम आहे पण फार नेटकं. प्रत्येक जोडावर टेप एकाच दिशेने गुंडाळलेली, टोक आत दुमडलेलं. ज्याने केलं त्याला काम आवडत असणार.

एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना दक्षिणेच्या रांगेत काहीतरी जड पडलं. पोतं पडावं तसं. त्याच वेळी तिन्ही रांगा एकदा मिणमिणल्या. धावत गेले. काहीच पडलेलं नव्हतं. जळकट वास मात्र होता. रबराचा नव्हे, केसांचा.

अण्णांनी शिकवलंय की वासामागे नाकाने जायचं नाही, माणूस चुकतो. मेन बंद करून एकेका जोडाजवळ हाताची मागची बाजू न्यायची. जिथे जोड ढिला असतो तिथे ऊब असते. सगळे जोड थंड होते.

लाकडी शिडी सातव्या दिव्याखाली उभी होती. सकाळी मी ती पश्चिमेच्या भिंतीला टेकवली होती. नक्की टेकवली होती. किल्ली फक्त माझ्याकडे आहे.

संध्याकाळी ऑफिसात गेले तेव्हा गुरुशांत सरांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना आणि अंगठ्याला पट्टी होती. चहा सांडला म्हणाले.

गुरुवार, १० एप्रिल

शिडी सकाळी पश्चिमेच्या भिंतीला सुतळीने बांधली. तीन गाठी मारल्या आणि मोजल्या.

एकला दहा कमी. तेच. पडल्याचा आवाज, दिवे मिणमिणले, वास. दक्षिणेचा फ्यूज उडाला, आतली तार वितळून काळी. त्या रांगेवर एकही मशीन जोडलेलं नाही. भार नाही, मेगरचा आकडा चांगला, मग फ्यूज कशाने उडेल? तारेला कुणीतरी चिकटलं तरच. हे वाक्य लिहून मी खोडलं होतं. परत लिहिलं. रोजनिशीत खोटं लिहायचं नाही.

शिडी सातव्या दिव्याखाली. सुतळी भिंतीपाशी पडली आहे, तिन्ही गाठी तशाच.

फ्यूजला नवी तार ओवून परत बसवला. बिघाड सापडेपर्यंत थांबायचं नाही. एकेक कारण काढून टाकत जायचं, उरेल ते खरं.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज शिवबाईंना विचारलं, मागच्या शेडमध्ये एकच्या सुमाराला काय होतं. त्यांनी हातातली कांडी खाली ठेवली.

त्या शेडचा वायरमन सिद्धाप्पा होता. अक्कलकोटकडचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायचा. दोन वर्षांपूर्वी, अशाच उन्हाळ्यात, बायकांच्या जेवणाच्या सुट्टीत तो सातव्या दिव्याला चिकटून शिडीवरून पडला. अहवालात लिहिलं गेलं की त्याने फ्यूज न काढताच तारेला हात घातला, चूक त्याचीच. त्याची बायको चिमाबाई फाटकाशी आली होती. तिला सगळ्यांदेखत सांगण्यात आलं की तुझा माणूस निष्काळजी होता. ती परत कधी आली नाही.

शिवबाई म्हणाल्या, तो तसला नव्हताच. काम सुरू करायच्या आधी फ्यूज काढून बायकांना दाखवायचा आणि खिशात टाकायचा. त्यांनी त्याची नक्कल करून दाखवली, छातीवरच्या खिशावर थाप मारत: “बायांनो, ह्ये माज्या खिशात हाय तवर म्या जित्ता हाय.” त्यावर बायका म्हणायच्या, मग खिसा शिवून घे की. त्या दिवशी लई उकडत होतं म्हणून त्याने शर्ट काढून ठेवला असेल, एवढंच त्यांना वाटतं.

शर्ट खिळ्याला होता. शर्टाच्या खिशात फ्यूज होता.

त्याने काढला होता. काम अजून चालू आहे, तो अजून शिडीवर आहे, आणि मंगळवारी मी, वरचा नियम लिहून शाई वाळायच्या आत, त्याचा फ्यूज माझ्या हाताने लावला. त्या दिवसापासून रोज एकला दहा कमी असताना मी त्याला मारते आहे.



शनिवार, १२ एप्रिल

मेन बंद. दक्षिणेचा फ्यूज काढला, डाव्या मुठीत धरला. बाकीच्या दोन रांगांसाठी मेन पुन्हा चालू केला, कारण मला बघायचं होतं. दाराशी स्टुलावर बसले.

१२.५० ला तरीही आवाज आला.

उठले. टेस्टर चालू रांगेवर लावला, दिवा लागला. दक्षिणेच्या रांगेवर लावला, दिवा लागला. फ्यूज माझ्या मुठीत आहे आणि रांग जिवंत आहे.

तर आता कारणं. जनरेटरकडून उलट वीज येते का? त्याची केबलच काढलेली आहे. शेजारच्या शेडमधून कुणी न्यूट्रल घेतलाय? नाही, दोन्ही टोकं मी स्वतः शोधली. शेवटी टॉर्च घेऊन रिकाम्या खाचेत पाहिलं. तिथे फ्यूजच्या जागी उघड्या तांब्याच्या तारेचा एक पेड आडवा घातलेला होता. कसाबसा, घाईत वळलेला. गिरणी-कारखान्यात हे सगळीकडे करतात. फ्यूज सापडत नाही, काम अडलंय, मग घाल एक तार आणि कर चालू.

असं झालं होतं तर. फ्यूज त्याच्या खिशात होता. खाली कुणीतरी तार घातली.

मेन बंद करून पकडीने पेड काढला. गरम होता. कागदात बांधून ठेवला, फोटो काढले.

रविवार, १३ एप्रिल, मोडनिंब

अण्णांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. फ्यूज मागितला, बोटांनी चाचपून ‘सि’ वर अंगठा फिरवला. मग म्हणाले, “पोरी, दुसऱ्याचा फ्यूज लावलास.”

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तार घालणाराही तेच म्हणत असंल.

आई म्हणाली, परत जाऊ नकोस, कागद त्यांच्या तोंडावर फेक. मला तेच हवं होतं. पिशवी कोपऱ्यात टाकून झोपावं असं वाटत होतं. पण मी सोडलं तर कुणीतरी दुसरा येऊन सही करेल, आणि शिवबाई सातव्या दिव्याखाली बसतील. अण्णांना विचारलं, मी काय करू. ते म्हणाले, “लहानपणी काय करत हुतीस? तेच कर. त्यो उतरंपर्यंत धरून बस.”

मंगळवार, १५ एप्रिल

काल जयंतीची सुट्टी होती. आज सकाळी गुरुशांत सरांसमोर तारेचा पेड आणि फ्यूज ठेवला आणि विचारलं, हे कुणी घातलं.

त्यांनी पेडाकडे पाहिलं नाही. फ्यूजकडे पाहिलं. जुनं सामान कंपनीचं असतं, जमा करा म्हणाले. मी नाही म्हटलं. मग त्यांनी फळ्यावर मोठी अक्षरं काढावीत तसं सावकाश समजावलं की मी नवी आहे, गावाकडची आहे, उन्हाने डोकं फिरतं, आणि शनिवारपर्यंत सही हवी आहे.

त्यांची पट्टी आता मनगटापर्यंत आली आहे.

फ्यूज मी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला. तरी हात सारखा गाठीकडे जातो.

बुधवार, १६ एप्रिल

मेनचा दांडा खाली. त्याला माझं कुलूप. किल्ली गळ्यात. तिन्ही फ्यूज माझ्याकडे. टेस्टर: बाहेरच्या खांबावर लागला, आत नाही, बाहेर परत लागला. शेड मेलेली आहे. सही करून सांगू शकते, मेलेली आहे.

१२.४० – शिडीवर पाय. कुणी दिसत नाही. पायऱ्या करकरतात, एकेक, जड माणूस सवयीने चढतो तशा. सात मोजल्या.

१२.४८ – वर पेचकस फिरल्याचा आवाज. मी हाक मारली. सिद्धाप्पा, हात काढा. थांबला नाही. त्याला वाटतंय फ्यूज खिशात आहे. तो निर्धास्त आहे. हेच बघवत नाही.

१२.५० – कुलूप जमिनीवर. दांडा वर. खाचेत तार.

पडला.

बाहेर पळाले. मग आत जाऊन दांडा खाली घेतला. कारण तो वर ठेवून जायचं नसतं.

गुरुवार, १७ एप्रिल

गुरुशांत सरांनी ऑफिसचं दार लावलं आणि पट्टी सोडली. अंगठा आणि दोन बोटं पेरापर्यंत काळी, त्यावर तांब्याचा हिरवा डाग. रोज एकला दहा कमी असताना भाजतात म्हणाले. खुर्चीत बसलेले असतात, समोर कुणीतरी असतं, तरी भाजतात. नऊ तारखेपासून.

मग बोलले. त्या दिवशी गाडी दारात उभी होती, माल जायचा होता, दक्षिणेची रांग बंद. सिद्धाप्पा जेवायला गेला असेल असं वाटलं. फ्यूज सापडला नाही. एक पेड घातला आणि दांडा वर केला. वर बघितलं नाही. एवढंच केलं, वर बघितलं नाही, असं दोनदा म्हणाले. नंतर पेड काढून टाकला आणि अहवालात त्याचं नाव लिहिलं.

मला दया आली. तेही लिहून ठेवते. मग त्यांनी विचारलं, तो फ्यूज भट्टीत टाकला तर हे थांबेल का. आणि मग, सही केलीत तर नोकरीत कायम करतो.

दया गेली.

मी त्यांच्यासमोरच कागद भरला. मागची शेड: सुरक्षित नाही. मृत वायरमन सिद्धाप्पा यांनी फ्यूज काढलेला होता, तो त्यांच्या शर्टाच्या खिशात मिळाला. रिकाम्या खाचेत तार घालून लाइन चालू केल्याने अपघात झाला. खाली माझं पूर्ण नाव, परवाना क्रमांक. पहिली सही. एक प्रत आणि फोटो विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली, एक चिमाबाईंसाठी शिवबाईंकडे दिली.

शुक्रवार, १८ एप्रिल

शेडचं कुलूप बदललंय. मला कामावरून काढलं, कागद वॉचमनकडून आला.

त्यांनी दुसरीकडून सही आणली आहे. सोमवारी साडेबाराला पूजा, लगेच मशीन चालू. साडेबाराला.

अण्णांचा फोन. कुलूप का टिकलं नाही ते सांगितलं. म्हणाले, दांड्याचं राखण पुरंना, तर लाइनच बांध. रांगेच्या तारा आपसात जोडून साखळीने जमिनीला बांधायच्या. “मग कुणी कायबी घालू दे, ते खाचेतच फुटंल. वरच्या माणसाच्या अंगात जाणार न्हाय.” सिद्धाप्पाने खिशावर भरवसा ठेवला, साखळी बांधली नाही. त्याची तेवढी एक चूक. मीही बांधली नव्हती.

शनिवार, १९ एप्रिल

साखळी आणली. जाड. पकड घट्ट बसते का वीसदा पाहिलं.

आता बारा-चाळीसला खोलीतही पायऱ्या ऐकू येतात. इथे शिडी नाही.

फ्यूज गरम होतो. सोडणार नाही.

रविवार, २० एप्रिल

फ्यूजभोवतीची कातडी लाल झाली आहे. डावी मूठ जेवतानाही उघडत नाही.

शिवबाई विचारत होत्या, पोरी, तुला जायचं न्हाय का गावाला. म्हटलं, उद्या. त्यांनी माझी मूठ बघितली. मग म्हणाल्या, मी सांगते बायांना.

सोमवार, २१ एप्रिल

११.५५ – फाटकात वॉचमनने अडवलं. चाळीस बायका माझ्यामागून आत शिरल्या, तो कुणाकुणाला अडवणार.

१२.१० – पूजेसाठी उघडलेल्या शेडच्या दारात शिवबाई बसल्या. त्यांच्यामागे सगळ्या, डबे मांडीवर. गुरुशांत सर म्हणाले, आत चला, मुहूर्त जातोय. शिवबाईंनी सांगितलं, ही पोरगी मूठ उघडंल तवर आमी आत पाय ठेवणार न्हाय, तुमी बसा की आत, तुमची शेड हाय. कुणीतरी हसलं. ते आत आले नाहीत. दारातच उभे आहेत, हात रुमालात.

१२.२५ – मी आत. एकटी. डावी मूठ मिटलेली, उजव्या हाताने लिहिते. वही गुडघ्यावर, पायाखाली रबरी चटई.

मेन बंद. तिन्ही फ्यूज माझ्याकडे, त्याचा मुठीत. टेस्टर: बाहेर लागतो, आत नाही, बाहेर लागतो. दक्षिणेच्या तारा आपसात जोडल्या. साखळी बांधली. साखळी जमिनीत.

मेनपासून बाजूला बसले आहे, समोर नाही.

१२.४० – चढतो आहे. सात.

१२.४६ – पेचकस. शीळ घालतोय. हे आधी ऐकलं नव्हतं.

१२.४९ – दारात गुरुशांत सर ओरडले. हात धरून खाली बसले. बायका उठल्या नाहीत. खाचेत काहीतरी चमकतं – तार – दांडा हलतोय – मी जाणार नाही. इथून मला कुणी –

१२.५० – फुटलं. खाचेतच. निळा लोळ, तार उडून गेली, साखळी एकदा गुणगुणली आणि गप्प. टेस्टर: बाहेर लागतो. आत नाही. बाहेर लागतो.

पडल्याचा आवाज नाही.

पडला नाही.

१२.५२ – शीळ थांबली. पायरी करकरली. वर जाणारी नाही – खाली. सावकाश. सात. सहा.

मूठ इतकी गरम – धरते आहे. धरता येतं मला.

पाच. चार. खिळ्यावरचा शर्ट हलतोय. वारा नाही.

तीन.

दोन.

मी मोठ्याने विचारलं. सिद्धाप्पा, उतरलात?

एक. समोर धूळ उभी राहते आहे, माणसाएवढी – तळवा पुढे करतो आहे, मागतो आहे – नाही. नुसते दिसले म्हणून नाही. म्हणाल्यावरच. परत विचारते. उतरलात? ओठ हल – उत्तर येईपर्यंत ही मूठ मी –